३२ पानं

आज पुण्यात बालपुस्तकांच्या लेखक-चित्रकारांसाठीच्या कार्यशाळेला गेले होते. पंधरा वर्षं लिहितेय, मला काय नवं शिकवणार, असा थोडा माज होताच. तासाभरात उतरला.

ए-फोरचे ८ कागद मधोमध दुमडले की ३२ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, तयार. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांचीच का? तर छपाईचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडला जाणारा मोठा कागद, १६ पानांचा; असे दोन फॉर्म. (इतक्या वर्षांत मी हे कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं!) शीर्षकपान वगैरे वजा केलं की गोष्टीला उरतात जेमतेम १३-१४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या.

त्यात माझी ९०० शब्दांची गोष्ट कोंबायला बसले. शेजारची चित्रकार मुलगी म्हणाली, "ताई, मनी पलंगाखाली लपली हे मी काढलंय की. तुम्ही परत कशाला सांगताय?" मग जी पेन्सिल चालवली! उरले २८० शब्द. आजीच्या चुलीचा अख्खा परिच्छेद गेला, त्याचं मात्र अजून वाईट वाटतंय.

तिचीही फजिती झालीच. मनीचं तोंड नेमकं मधल्या घडीत गेलेलं.

करार आणि मानधनाच्या सत्राला वेळ उरला नाही. नेहमीप्रमाणे.

रात्री भाचीला डमी वाचून दाखवली. नवव्या पानावर माझा हात बाजूला सारून म्हणाली, "थांब, मी उलटते."