टूथपिकचं टोक

आज सकाळी मी एक मिरचीचं रोप मोडलं. उगवायच्या आधीच.

१२ कप, एकाच पाकिटातलं बी, एकाच दिवशी पेरलेलं. आठव्या दिवशी सात कपांत हिरवं दिसलं. चार नंतर रांगत रांगत आले, त्यातलं एक तर बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊनच. बारावा कप मात्र ढिम्म. आज २१वा दिवस. राहवेना म्हणून टूथपिकने माती जराशी उकरली, तर आत पांढरं, दोऱ्याएवढं मूळ! ते टोकाला अडकलं आणि तुटलं.

घरातून लगेच शेरा आला, "सारखं दार वाजवलं तर कोण बाहेर येईल?"

मिरचीला रुजायला २५ ते ३० अंश उबदार माती लागते, हे मला पाठ आहे. गार मातीत ती आठवडेच्या आठवडे झोपून राहते. हबानेरोसारख्या जाती तर उबेतही कधीकधी महिना घेतात. आणि हा कप होता खिडकीच्या गार काचेला टेकून. तिथे ठेवला कोणी? मीच. वर तीन आठवडे बियाण्याला नावं ठेवत होतो.

त्याच कपात नवं बी टाकलंय, यावेळी उबेला. टूथपिकांची डबी मात्र कोणीतरी लपवलीय.

तुम्ही किती दिवस न उकरता राहू शकता?