इंजिन उतरवण्याआधी जाम बोल्टांचा बंदोबस्त

घरच्या घरी इंजिन खोलायला बसलेल्या माणसाचा बहुतेक वेळ पिस्टन, रिंगा किंवा व्हॉल्व्ह यांच्यात जात नाही. तो गंजून बसलेल्या बोल्टांत जातो. आमच्या 1997 सालच्या मारुती 800 ने तेल प्यायला आणि निळा धूर सोडायला सुरुवात केली, तेव्हा तिचे इंजिन अलिबागजवळच्या घराच्या पडवीतच खोलायचे मी ठरवले. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. ज्या बोल्टांविषयी शंका वाटते, ते सगळे बोल्ट इंजिन गाडीत असतानाच ढिले करून, पुन्हा हलक्या हाताने बसवून ठेवावेत आणि मगच इंजिन उतरवावे. अनेकजण याच्या उलट करतात. आधी इंजिन बाहेर काढू, मग चारी बाजूंनी नीट हात पोहोचेल, असा त्यांचा विचार असतो. हात पोहोचतो हे खरे, पण फरशीवर ठेवलेल्या 796 सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात वजनच इतके कमी असते, की लांब पान्यावर जोर दिला की बोल्टाऐवजी इंजिनच फिरते. तेच इंजिन गाडीत असताना सुमारे साडेसहाशे किलोची गाडी त्याला धरून ठेवते.

क्रँकपुलीचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या पट्ट्याच्या चाकाचा बोल्ट हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. इंजिन गाडीत असेल, तर टॉप गियर टाकून आणि ब्रेक दाबून धरून तो सोडवता येतो. इथे हँडब्रेकवर भिस्त ठेवून चालत नाही, कारण या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. त्यामुळे पेडलवर पाय ठेवून बसायला घरातले कोणीतरी लागतेच. इंजिन एकदा बाहेर आले, की याच बोल्टासाठी फ्लायव्हील (त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे जड चाक) अडवण्याची काहीतरी जुळवाजुळव करावी लागते. पान्याची दांडी चॅसीला टेकवून स्टार्टरचा झटका देण्याची एक युक्ती गॅरेजमध्ये सर्रास वापरली जाते. ती चालते, पण दांडी निसटली तर ती कुठे जाईल हे सांगता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

बोल्ट जाम का होतो, हे लक्षात घेतले की उपायही आपोआप सुचतात. लोखंड गंजते तेव्हा तयार होणारा गंज मूळ धातूपेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, आणि आट्यांमध्ये तेवढी मोकळी जागा नसल्यामुळे तो तिथे पाचर मारल्यासारखा बसतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवलेला असेल, तर प्रकरण आणखी वेगळे असते. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओल अशी छोटीशी बॅटरीच तिथे तयार होते, आणि तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम. आट्यांमध्ये साचणारी पांढरी भुकटी ती हीच. समुद्रकाठच्या हवेत हे लवकर घडते. शिवाय आमच्याकडे वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे पाणी भरण्याची पद्धत होती, त्यामुळे थर्मोस्टॅटच्या (थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेवरील झडपेच्या) झाकणाचे बोल्ट आतून आणि बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी पांढऱ्या भुकटीने धरले होते. सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे नट मात्र निव्वळ उष्णतेने आणि गंजाने बसलेले होते. दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

पहिले काम स्वच्छतेचे आहे. बोल्टाच्या डोक्यावरचा आणि बाहेर दिसणाऱ्या आट्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा, कारण नट सुटला तरी त्याला त्याच घाण आट्यांवरून बाहेर यायचे असते. मग गंज सोडवणारे तेल. ते लावून लगेच पाना लावण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी लावावे, सकाळी पुन्हा लावावे आणि मधूनमधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने टिचक्या माराव्यात, म्हणजे तेलाला आत शिरायला बारीक फटी मिळतात. आमच्याकडचे मेकॅनिक रॉकेल किंवा डिझेल वापरतात, आणि हाताशी वेळ असेल तर त्यानेही काम होते. ऑटोमॅटिक गियरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून केलेले मिश्रण मला अधिक उपयोगी वाटले. मात्र ते दर वेळी हलवून घ्यावे लागते, रंग आणि प्लॅस्टिक खराब करते आणि चटकन पेट घेते, म्हणून आगीचे कोणतेही काम काढण्यापूर्वी ते पूर्ण पुसून, उडून जाऊ द्यावे.

पान्याच्या निवडीबाबत कंजुषी करू नये. बारा कोनांची गोटी (सॉकेट) बोल्टाच्या कोपऱ्यांना धरते आणि गंजलेले डोके गोल करून टाकते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंना धरते. ती हातोडीने ठोकून पूर्ण खाली बसवावी आणि मग प्रथम बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा. हे विचित्र वाटते, पण गंजाचा पहिला थर पुष्कळदा याच हालचालीने मोडतो.

आता हाताला काय जाणवते, त्याविषयी. सुटणारा बोल्ट ‘कट्ट’ असा कोरडा आवाज करून एकदम सैल होतो, आणि तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. तो रबरासारखा, गुळगुळीतपणे थोडा फिरतो, जोर तेवढाच राहतो किंवा उलट कमी होतो, आणि नवशिक्या माणसाला वाटते की सुटला. प्रत्यक्षात तो पिळवटत असतो. तिथे थांबलेच पाहिजे. 6 मिमीच्या बोल्टाला, म्हणजे ज्याच्या डोक्याला 10 चा पाना लागतो त्याला, आवळताना साधारण 10 न्यूटन मीटर इतकाच जोर द्यायचा असतो. 25 सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला हा भार जेमतेम 4 किलोचा होतो, आणि त्याच्या दीडपटीच्या आसपास असा बोल्ट तुटण्याच्या बेतात असतो. थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या बोल्टांवर पाइप लावून जोर करण्याचा विचारही म्हणूनच करू नये. तिथे जेवढा फिरला तेवढा फिरवायचा, परत मागे घ्यायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि पुन्हा पुढे न्यायचा. एका बोल्टाला अर्धा तास लागला, तरी तो वेळ तुटलेला बोल्ट ड्रिलने काढण्याच्या वेळेपेक्षा कमीच असतो.

उष्णतेच्या बाबतीत ॲल्युमिनियम आपल्या बाजूने असते. तापल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 8 मिमीच्या स्टडभोवतीचे (स्टड म्हणजे डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) ॲल्युमिनियम स्टडसह दीडशे अंशांनी तापले, तर त्याचे भोक स्टडपेक्षा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने जास्त मोठे होते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण भुकटीची पकड सुटायला तेवढे पुष्कळ असते. गॅस टॉर्चने हे करताना भान ठेवावे लागते, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही, ते सरळ 660 अंशांना वितळते. मॅनिफोल्डच्या नटांसाठी मी टॉर्च लावलाच नाही. इंजिन गाडीतच होते, ते सुरू करून चांगले तापू दिले, बंद केले आणि जाड हातमोजे घालून नट गरम असतानाच फिरवले. मात्र हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाच्या बोल्टांना हा नियम लावू नये. ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, टोकाकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सोडवायचे असतात, नाहीतर हेड वाकते.

एवढे करूनही मॅनिफोल्डचा एक स्टड नटासकट तुटला, आणि हेडच्या बाहेर त्याचा जेमतेम नखाएवढा तुकडा उरला. अशा वेळी बाजारात मिळणाऱ्या ईझी-आऊटचा, म्हणजे तुटलेला बोल्ट काढायच्या हत्याराचा मोह होतो. मला ते हत्यार आवडत नाही. तुटलेल्या स्टडच्या मध्यभागी भोक पाडून ते आत घुसवायचे असते, आणि तेच आत तुटले, तर त्याचे पोलाद इतके कडक असते की साधे ड्रिल त्यावर चालत नाही. आमच्या नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्या काकांनी उरलेल्या तुकड्यावर एक मोठा नट ठेवला आणि त्याच्या भोकातून वेल्डिंग भरून नट आणि स्टड एकजीव केले. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला धक्का लागत नाही, आणि त्या धगीने स्टड आतूनही तापतो. मी पाना पुढे केला, तर काका म्हणाले, “अहो, घाई कशाला? लाली जाऊ दे, आक्रसू दे त्याला जरा.” मिनिटभराने त्यांनी नट मागेपुढे हलवला आणि स्टड भुकटीसकट बाहेर आला. या कामाआधी जागा साफ करायची असेल, तर क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कदापि वापरू नये. वेल्डिंगच्या धगीत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

परत जोडताना सगळे स्टड नवे घेतले आणि मॅनिफोल्डला पितळी नट वापरले, कारण पितळ पोलादाला गंजाने धरत नाही. आट्यांमधून टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून भुकटी काढली आणि स्टडवर तांब्याच्या पेस्टचा पातळ हात दिला. ही पेस्ट वापरली, तर पुस्तकात दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) जसाच्या तसा घेऊ नये. तो कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल, तर घर्षण कमी झाल्यामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. मी तो सुमारे एक पंचमांशाने कमी ठेवला आणि इंजिन पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासले.