नोंदीच्या रकान्यातले दिवस

टिळक रस्त्याजवळच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी समुपदेशक आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी जोडपं माझ्यापाशी बसतं. लग्नाला किती वर्षं झाली, पाळी कशी येते, आधी कुठे दाखवलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं मी लिहून घेते. पूर्वी शेवटच्या पाळीची तारीख विचारली की बायका आठवत बसायच्या, "संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी आली होती," असं काहीतरी सांगायच्या. आता मोबाइलच पुढे येतो, त्यात पाळीच्या नोंदी ठेवणारं ॲप असतं.

गेल्या पावसाळ्यात आलेलं एक जोडपं माझ्या मनातून जात नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ती सहकारी बँकेत, वय ३१. तो चाकणला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. राहायला धायरीला. मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू करून वर्ष उलटलं होतं.

मी लिहीत असतानाच दोघांचेही मोबाइल एकदम वाजले. आज गर्भधारणेची शक्यता सर्वांत जास्त, असा ॲपचा निरोप होता. त्याने मोबाइल पालथा ठेवला. "म्हणून तर आजच रजा टाकली. इथलंही होईल आणि..." पुढचं तो बोलला नाही. ती टेबलाकडे बघत राहिली.

"पाळी किती दिवसांनी येते?"

"२८," ती लगेच म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे ॲपमध्ये २८ टाकलंय. माझी उशिराच येते."

किती उशिरा, ते आम्ही दोघींनी मिळून मोजलं. ३४, ३७, ३५, ३८. सुरुवातीला ॲपने विचारलं तेव्हा तिने २८ भरलं होतं, कारण शाळेपासून तेच ऐकलेलं. तो आकडा मग कुणी बदललाच नाही. त्यामुळे दर महिन्याला ॲप चौदाव्या दिवसाच्या आसपास खूण करायचं आणि एकोणतिसाव्या दिवसापासून 'पाळी लांबली' असं दाखवायचं. त्या आठवडाभरात तिला काय वाटत असेल! ती मेडिकलमधून किट आणायची, पहाटे उठून तपासणी करायची. एकच रेघ. दोन दिवसांनी पुन्हा. सासूबाईंच्याही ते लक्षात यायचं, कारण देवाचं करायला ती नाही म्हणत नसायची. आणि मग पाळी यायची. मला विचाराल तर या बाईचं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं दुःख हे होतं, आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं होतं. तिची पाळी लांबतच नव्हती. ती तिच्या वेळेवर येत होती.

अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून (यालाच बीज फुटणं म्हणतात) पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण १२ ते १४ दिवसांचा, त्यात फारसा फरक पडत नाही. कमीजास्त होतो तो आधीचा काळ. म्हणजे ३६ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज बाविसाव्या दिवसाच्या सुमाराला फुटणार. स्त्रीबीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की गर्भ राहण्याचे दिवस म्हणजे बीज फुटण्याचा दिवस धरून आधीचे, असे एकूण सहाच. हिच्या बाबतीत चौदावा दिवस त्यात येतच नव्हता. आणि २८ दिवसांचं चक्र तरी किती जणींचं असतं? २०१९ मध्ये एका ॲपच्याच नोंदींवरून ६ लाखांहून जास्त चक्रं तपासली गेली, त्यातली फक्त १३ टक्के बरोबर २८ दिवसांची निघाली. बाकीच्या बायकांनी स्वतःला अनियमित का समजावं?

एवढं सांगून मी थांबले असते. पण ॲपमध्ये रोजच्या नोंदीसाठी एक रकाना होता आणि त्यात काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. असं कुणाचं खासगी लिहिलेलं मी विचारल्याशिवाय वाचत नाही. तिला विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

'डोकं दुखलं.' 'ऑडिट, उशीर.' 'पांढरं जास्त.' पुढच्या महिन्यात पुन्हा 'पांढरं जास्त, चिकट'. त्याच्या पुढच्याही. मी तारखा कागदावर उतरवल्या. विसावा, एकविसावा, बाविसावा दिवस. आणि प्रत्येक वेळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी.

"हे पांढरं कसं असतं? खाज, वास?"

"नाही हो. पाण्यासारखं, ताणलं की लांबतं. पण अंगावरून जातंय म्हणजे काहीतरी इन्फेक्शन असणार, म्हणून त्या दिवसांत आम्ही..." तिचा आवाज बारीक झाला. "त्या दिवसांत आम्ही जवळच येत नाही."

अंगावरून पांढरं जाणं म्हणजे आजार, अशक्तपणा, हाडं झिजणं, हे आपल्याकडे आईकडून मुलीकडे येतं. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा स्राव असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव हा बीज फुटण्याच्या आधीचा असतो. शुक्रजंतूंना वाट करून देणारा. तिचं शरीर दर महिन्याला सांगत होतं, ती ते इमानाने लिहूनही ठेवत होती, आणि नेमके तेच दिवस टाळत होती.

तो इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, "मॅडम, आणि आम्ही चौदाव्या दिवसासाठी आधी दहा-बारा दिवस थांबायचो. साठवून ठेवायचं म्हणून." तेही सांगावं लागलं, की इतकं थांबल्याने शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, त्यापेक्षा त्या दिवसांत एक-दोन दिवसांआड संबंध आलेले बरे. मग मी त्याच्या तपासणीचा कागद काढला. "माझी? ॲपमध्ये तर सगळं हिचंच आहे." हो, सगळं तिचंच आहे. वर्षभर दोघांनी तिच्याच तारखा पाहिल्या. पण मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं, आणि वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी, दोन ते सात दिवस थांबून एक नमुना द्यायचा. ही तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बायकोच्या गर्भनलिका तपासून झाल्यावर नवऱ्याची आठवण येणं मला बघवत नाही.

डॉक्टरांनी तिला तपासलं, इन्फेक्शन नव्हतं. सोनोग्राफीत अजून एकही बीजकोश, म्हणजे बीज ज्यात वाढतं ती पिशवी, वाढलेला नव्हता. पाळी इतक्या दिवसांनी येते म्हणून थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची रक्ततपासणी लिहून दिली, फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मग ॲप काढून टाकू?"

"अजिबात नको. तुमच्या नोंदींनी माझं अर्धं काम केलं. तो २८ बदला, निरोप बंद करा, आणि लिहीत राहा."

तिने तिथेच २८ पुसून ३६ केलं. त्याने सुपरवायझरला फोन लावून विसाव्या दिवसापासूनच्या आठवड्यात नाइट शिफ्ट नको म्हणून सांगितलं, कारण विचारल्यावर नुसतं "घरचं काम आहे" म्हणाला.

एकविसाव्या दिवशीच्या सोनोग्राफीत १९ मिलिमीटरचा, फुटायच्या बेताला आलेला बीजकोश दिसला. नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये शुक्रजंतूंची संख्या ठीक, हालचाल थोडी कमी आली. तंबाखू सोडायला सांगितलं आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने तरी लागतात. उपचार चालू आहेत. आता तो एकटाही येतो, रिपोर्ट घ्यायला.