तुम्ही विचारलंत म्हणून: सोडूनच द्यायची, तर धरता कशाला?

रत्नागिरीहून आत्याचा फोन असो की इथल्या, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मित्रांची बैठक, प्रश्न ठरलेला. नोव्हेंबरच्या रात्री हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात मस्की, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, धरायला जाता, आणि धरलेली परत पाण्यात सोडता. मग जाता कशाला?

नोव्हेंबर का, हे सांगणं सोपं. मिल लॅक्स सरोवराचं पाणी 40 अंश फॅरेनहाइटच्या आसपास उतरलं की टलिबी नावाचे चंदेरी मासे खडकाळ उथळात अंडी घालायला येतात, ते अंधार पडल्यावर. त्यांच्या मागावर मस्की. पाण्यावर बर्फ धरला की संपलं. शिवाय उन्हाळ्याच्या तापलेल्या पाण्यात दमलेली मस्की सोडली तरी मरू शकते. गार पाण्यात तिला सावरायला जास्त वाव असतो. म्हणून भर उन्हाळ्यात मी तिच्या वाटेला जात नाही. हे मात्र कुणी विचारत नाही.

कायद्याने 54 इंचांखालची ठेवता येत नाही, पण मी कायद्याआड लपत नाही. त्याहून मोठी लागली तरी सोडेन. एवढी वाढायला तिला दहाहून जास्त वर्षं लागतात, आणि इतक्या मोठ्या बहुतेक माद्याच असतात.

एका रात्रीबद्दल मी कधी नीट बोललो नाही. काठीच्या कड्यांत बर्फ साचत होता. टोक पाण्यात बुडवून तो काढायचा, पुन्हा आमिष फेकायचं. आमिष होडीपाशी आलं की काठी पाण्यात खुपसून आठाचा आकडा काढायचा, कारण मागे मागे आलेली मस्की तिथेच झडप घालते. दुसऱ्या वळणावर काठी जड झाली. मित्राने जाळं खाली घातलं. तिला वर उचललीच नाही. शून्याखालच्या हवेत कल्ले आणि डोळे गोठतात. ना फोटो, ना माप. एक गळ जबड्यात, दुसरा जाळ्यात अडकलेला. कटरने दोन्ही तोडले. शेपटीच्या मुळाशी धरून तिला सरळ ठेवली, तर ती कुशीवर कलंडली. पुन्हा सरळ केली. कल्ला उघडला, मग बराच वेळ उघडेना. माझी बोटं बधिर झाली होती. मित्र म्हणाला, “सोड आता.” मी सोडली नाही. अखेर शेपूट ताठ झाली, एक हिसका बसला, आणि ती गेली.

जगली का, माहीत नाही. 2021 च्या नोव्हेंबरात याच पाण्यात धरलेली 55 पौंडांवरची मस्की सोडायचा प्रयत्न करूनही सावरली नाही. 1957 चा राज्यविक्रम मोडून तिची नोंद झाली. त्यामुळे ‘सोडली म्हणजे वाचली’ असं मी कुणाला सांगत नाही.

खाडीवर गरवणारा लहानपणीचा मी म्हणतो, खायची नाही तर गरी टाकूच नये. त्याच्याकडे कालवणाचं कारण होतं. मला काळोखात काठीवर येणारं ते वजन हवं असतं, आणि त्यापायी तिला त्रास होतो. हे कारण पुरेसं आहे असं मी त्याला पटवू शकलेलो नाही. त्यालाही मला थांबवता आलेलं नाही.

अजून वाद घालायचा असेल तर शनिवारी होडीत जागा आहे. जाड कपडे आणि लाइफ जॅकेट माझ्याकडे जास्तीचं आहे.