रिगातलं गाण्यांचं कपाट

लाटव्हियाच्या राजधानीला, रिगाला, बहुतेक लोक जातात ते आल्बर्टा रस्त्यावरच्या नक्षीदार इमारती बघायला, नाहीतर झेपेलिन या हवाई जहाजांच्या जुन्या हँगरांमध्ये भरणारा बाजार फिरायला. मला तिथे एक कपाट बघायचं होतं. बहिणीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "कपाटं बघायला युरोपात कशाला जायला हवं? आईकडे तीन आहेत, एकाचं दार लागत नाही."

विल्निअसहून बसने आले. जूनचा तिसरा आठवडा होता, रात्री अकरालाही आभाळात उजेड. बसस्थानकावरून नदीकाठी आलं की डौगावाच्या पलीकडच्या तीरावर काचेचा एक तिरका डोंगर दिसतो. ते लाटव्हियाचं राष्ट्रीय ग्रंथालय. लोक त्याला 'प्रकाशाचा किल्ला' म्हणतात. बुडालेला किल्ला पुन्हा वर येतो अशी त्यांची एक जुनी कथा आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. वास्तुकार गुन्नार बिर्केर्ट्स जन्माने रिगाचे, पण आयुष्य अमेरिकेत गेलेलं. जानेवारी २०१४ मध्ये जुन्या इमारतीतून इथे पुस्तकं हलवायला सुरुवात झाली तेव्हा भर थंडीत हजारो माणसं नदीच्या दोन्ही तीरांवर आणि पुलावर रांगेने उभी राहिली, आणि पुस्तकं हातोहात पुढे देत इथवर आणली. सगळी नव्हे, काहीच. बाकीची रीतसर वाहनांतून आली. पण आजही ग्रंथालयाबद्दल कुणालाही विचारा, गोष्ट त्या रांगेचीच सांगतात.

आत गेल्यावर मधल्या चौकात कित्येक मजले उंच असं पुस्तकांचं एक मांडण आहे. लोकांनी आपापल्या घरचं एकेक पुस्तक, पहिल्या पानावर चार ओळी लिहून, त्यासाठी दिलंय. त्याच्याकडे बघत मान दुखून आली. मग मी कपाटाकडे वळले.

'दायनू स्काप्स', म्हणजे दायनांचं कपाट. दायना हे लाटव्हियन लोकगीत. बहुधा चार ओळींचं, यमक नसलेलं, ठेक्यावर चालणारं. कपाट लाकडी आहे, एक मीटर साठ सेंटीमीटर उंचीचं, म्हणजे माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. सत्तर खण, आणि प्रत्येक खणात वीस छोटी घरं. या घरांत तीन बाय अकरा सेंटीमीटरच्या चिठ्ठ्या उभ्या लावलेल्या, एका चिठ्ठीवर एक गाणं. एकूण चिठ्ठ्या २,६८,८१५. २००१ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत याचा समावेश केला. खरं सांगायचं तर बघायला ते अगदीच साधं आहे. जुन्या सरकारी कचेरीत शोभेल असं. शेजारून एक शाळेची सहल गेली आणि एकाही मुलाने दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही.

हे कपाट रिगात बनलेलं नाही, मॉस्कोत बनलं. १८८० साली, क्रिश्यानिस बारोन्स या माणसाने स्वतः आखून दिलेल्या मापाने. बारोन्स (१८३५–१९२३) शिकला गणित आणि खगोलशास्त्र. पीटर्सबर्गला लाटव्हियन वर्तमानपत्राचं संपादन केलं, ते बंद पडल्यावर पोटासाठी एका रशियन घराण्यात शिक्षक म्हणून राहिला. गाणी गोळा करायला सुरुवात त्याने केली नव्हती. मॉस्कोतल्या निसर्गविज्ञान-मानववंशशास्त्राच्या एका संस्थेने १८६९ मध्ये फ्रित्सिस ब्रीवझेमनिएक्सला लोकगीतं जमवायला लाटव्हियात पाठवलं, आणि पुढे ते काम बारोन्सच्या गळ्यात आलं. रिगातही लाटव्हियन लोकांची एक संस्था १८६८ पासून उभी होती. १८७३ चा पहिला गीतमहोत्सव तिनेच भरवला, आणि दर पाच वर्षांनी होणारा तो महोत्सव आजही चालू आहे.

वर्तमानपत्रांतून आवाहनं झाली आणि गावोगावचे शिक्षक, शेतकरी, शाळकरी मुलं वह्या भरभरून पाठवू लागली. हा गृहस्थ दिवसा मालकाच्या मुलांना शिकवायचा, आणि उरल्या वेळात वह्यांतलं एकेक गाणं कापून किंवा उतरवून योग्य खणात ठेवायचा. हे वर्षानुवर्षं. १८९३ ला तो रिगात परतला, सोबत कपाट. १८९४ ते १९१५ या काळात सहा खंड छापून झाले, त्यांत २,१७,९९६ गाणी. पहिला खंड येल्गावा गावी छापला, पुढचे खंड पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने काढले. ज्या साम्राज्यात लाटव्हियन भाषेला शाळेत धड जागा नव्हती, त्याच साम्राज्याच्या अकादमीने.

गणिती माणसाची खूण मांडणीत दिसते. सुरुवात गाण्यांविषयीच्या गाण्यांनी, मग जन्म, बालपण, लग्न, काम, म्हातारपण, मरण. एकच गाणं पन्नास ठिकाणांहून थोड्याफार फरकाने आलं असेल तर एक मुख्य धरायचं आणि उरलेली पाठभेद म्हणून त्याच्याखाली. मुख्य म्हणावीत अशी गाणी निघाली साधारण छत्तीस हजार, बाकी सगळे पाठभेद. दुसरा कुणी असता तर 'हे आलंय आधी' म्हणून टोपलीत टाकलं असतं. बारोन्सने टाकलं नाही, हे मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं. अचकट-विचकट गाणीसुद्धा त्याने ठेवली. फक्त शेवटच्या खंडात, वेगळी. आपल्याकडे शिमग्याच्या गाण्यांना संग्रहात तेवढीही जागा मिळालेली क्वचितच दिसते.

खणांना हात लावायची मुभा अर्थातच नव्हती. चिठ्ठ्या संगणकावर बघायच्या. सगळ्या स्कॅन करून जालावर ठेवल्या आहेत. तिथल्या एका मध्यमवयीन बाईंना मी विचारलं, दळणाची गाणी आहेत का? "आहेत ना, पुष्कळ," म्हणाल्या आणि त्यांनी विभागच काढून दिला.

इथे मी बराच वेळ बसले. एकेका चिठ्ठीचा अर्थ त्या बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होत्या आणि मला पुढची ओळ आधीच माहीत असल्यासारखं वाटत होतं. लाटव्हियन खेड्यात दळणासाठी वेगळी खोपी असायची. बायका, विशेषतः मोलकरणी, तांबडं फुटायच्या आधी उठून दगडी जात्यावर राय नावाचं धान्य आणि जव दळायच्या. १८१७–१९ च्या सुमारास वेठबिगारी कायद्याने संपली तरी जमीनदार जर्मनच राहिले आणि जातं तिथेच राहिलं. गाण्यात दळणारी मुलगी बहुधा पोरकी असते. आई असलेल्या मुली झोपल्यात, हिला कुणी झोपू देत नाही. मग ती सूर्याला हाक मारते. तिथे सूर्य बाई आहे, पोरक्यांची आई. नशीब लिहिणारी लायमा येते, सासू येते, सासूची जीभ येते.

आपली जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, त्यांची चार. आपल्याकडे सूर्याच्या जागी पंढरीचा विठ्ठल किंवा भाऊ, आणि पोरक्या मुलीच्या जागी वनवासातली सीता. त्यांच्याकडे भाऊ आहे, पण आपल्याइतका लाडका नाही. इतका भाऊ जगात कुठल्याच गाण्यात नसेल! पण पहाटेची वेळ, हाताला खुंटा, आणि ऐकायला दुसरं कुणी नाही म्हणून मोकळं झालेलं तोंड, हे सगळं तेच. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. जातं तेच आणि अंधार तोच, म्हणून गाणं तसं झालं.

मी त्या बाईंना विचारलं, ही गाणी म्हटली कुणी? त्यांनी चिठ्ठीच्या कडेचा आकडा दाखवला. तो आकडा खंडातल्या यादीत शोधला की गाणं कुठल्या भागातून आलं ते कळतं, पाठवणाऱ्याचा माग लागतो. आणि गाणारीचं नाव? "ते बहुतेक नाही," त्या म्हणाल्या, जरा उशिराने.

मला इथे पुणे आठवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करताना सुरू झालेलं हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं: हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. गी पॉइतवाँ २००४ मध्ये गेले. पुढे हा सगळा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाकडे आला आणि २०१७ पासून तिथे एकेक ओवी ध्वनिमुद्रण, भाषांतर आणि छायाचित्रासह ठेवली जाते. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, दारुड्या नवऱ्यावरच्या आहेत, पावसावरच्या आहेत. आणि ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव येतं. कुठे तिची मुलं किती, ती काय करते हेही.

बारोन्सला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या काळी लोकगीत हे 'लोकांचं' असायचं, एकीचं नव्हे. ती कल्पनाही काही अंशी याच गावात रुजली. जर्मन विचारवंत हेर्डर १७६४ ते १७६९ रिगात शिक्षक होता, आणि पुढे त्याने छापलेल्या लोकगीतसंग्रहात लाटव्हियन गाणीही आहेत. डोम चर्चजवळच्या चौकात त्याचा अर्धपुतळा आहे. मी समोर उभी राहून आइस्क्रीम खाल्लं. पण या बाबतीत मी पुण्याच्या बाजूची. कपाट राष्ट्राचं झालं, नोटेवर बारोन्सचं चित्र आलं (युरो येण्याआधीच्या शंभर लाटच्या नोटेवर तो होता), आणि पहाटे उठून दळणारी बाई राहिली 'परगणा अमुक'. संग्रह करणाऱ्याचं नाव मोठं व्हावं, ते कष्ट त्याचे आहेत. पण गाणारीचं पुसून नको.

कपाटात आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे चाली. चिठ्ठीवर शब्द आहेत, सूर नाही. ते काम आंद्रेय्स युर्यान्स आणि नंतर एमिलिस मेल्नगाइलिस यांनी वेगळं केलं. मेल्नगाइलिसने हजारो चाली स्वरलिपीत उतरवल्या. १९२४ मध्ये आन्ना बेर्झकाल्ने या बाईंनी लोकसाहित्याचा संग्रह स्थापन केला, आणि आता तिथे गीतांची संख्या बारा लाखांच्या घरात आहे. देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत. यांतली पुष्कळ हस्तलिखितं जालावर आहेत, आणि वळणदार जुनं अक्षर वाचून संगणकावर उतरवायचं काम शाळकरी मुलांसकट कुणीही करू शकतं. मघाच्या सहलीतल्या पोरांपैकी एखाद्यानेही केलं असेल, काय सांगावं.

दुसऱ्या दिवशी बारोन्सच्या नावाच्या रस्त्यावरच्या त्याच्या घरी गेले. आयुष्याची शेवटची वर्षं तो इथे राहिला. आता संग्रहालय आहे. छोटं, नीटनेटकं, कपाट बघून झाल्यावर थोडं फिकं. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी सोडलं तरी चालेल.

चुकवू नये तो डोम चौकातला गवताचा बाजार. २३ जूनला त्यांचा लीगो सण, रात्रभर जागायचं, शेकोटी, जिऱ्यासारख्या दाण्यांचं चीज आणि बिअर. त्याच्या आदल्या दिवशी चौकभर गवत, रानफुलं, ओकच्या डहाळ्या विकायला येतात. बायका फुलांची चक्रं वळत बसतात, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांची. सणाला ग्रंथालयं आणि पुष्कळ दुकानं बंद, तेव्हा जाणाऱ्यांनी तारखा बघून जावं. खाण्याची तजवीजही आधीच करावी. शाकाहारी माणसाला काळा पाव आणि ते चीज हेच खरे आधार. राखी वाटाण्याच्या उसळीत डुकराचं मांस असतं, विचारून घ्या.

बाजारात एका कोपऱ्यात सात-आठ बायकांचा घोळका गात होता. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'लीगो, लीगो' असं लांबवत नेलेलं पालुपद. एक सुरुवात करायची, बाकीच्या उचलून धरायच्या. ही दायनाच, कपाटातली, फक्त आता चालीसकट. मी मागे उभं राहून फोनवर रेकॉर्ड करत होते. मग त्यांच्यासमोर पुरुषांचा एक गट आला आणि गाण्याचा रंग पालटला. एका गटाने दुसऱ्याला गाण्यातून चिडवायचं, त्यांनी उत्तर द्यायचं, हाही या सणाचा रिवाजच. जुनी चाल, जुना साचा, पण आतले शब्द तिथल्या तिथे बदलायचे. सगळा चौक हसत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी कोण जिंकतंय ते कळत होतं.

शेजारी फुलं विकणारी कॉलेजातली एक मुलगी इंग्रजी बोलत होती, ती थोडंफार समजावून सांगत होती. एकाएकी सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या आणि गायला लागल्या.

"तुमच्यावर आहे," मुलगी म्हणाली. "लांबून पाहुणी आली, फुलं घेतली नाहीत, चीज आणलं नाही, नुसता फोन धरून उभी आहे."

मी गडबडीने एक चक्र विकत घेऊन डोक्यावर चढवलं. त्यावर त्यांनी आणखी एक कडवं म्हटलं आणि या वेळी पुरुषही हसले.

"आता काय म्हणाल्या?"

मुलीने कानापर्यंत लाल होत पैसे मोजले. "ते शेवटच्या खंडातलं आहे," ती म्हणाली आणि सुटे परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.