वारस नोंदीची सुनावणी आणि एक वही

मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्यांच्या वरचा महसूल अधिकारी, म्हणून काम करताना वारस नोंदीची प्रकरणे माझ्यासमोर सतत येतात. खातेदार मरण पावला की वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, तलाठ्याने चौकशी करून गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नावे लिहायची, मग फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) धरून हितसंबंधितांना नोटीस द्यायची आणि 15 दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, असा हा क्रम आहे. हरकत आली तर नोंद तक्रारी होते आणि दोन्ही बाजूंना बोलावून सुनावणी घ्यावी लागते. विधवेच्या नोंदीला हरकत घेणारा बहुधा तिचा दीर असतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाच्या अशाच प्रकरणाची सुनावणी मे 2022 मध्ये माझ्याकडे झाली. कायद्याच्या दृष्टीने त्यात अवघड असे काहीच नव्हते, पण वारस नोंदीकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या दुपारनंतर बदलली.

अर्जदार बाई पंचेचाळिशी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे यजमान त्याच हिवाळ्यात हृदयविकाराने गेले होते. थोरल्या मुलीचे लग्न झालेले होते आणि धाकटी तालुक्याच्या महाविद्यालयात शिकत होती. भावाभावांची वाटणी फार पूर्वीच होऊन मयताच्या एकट्याच्या नावावर 2 हेक्टरच्या आसपास कोरडवाहू जमीन होती. मयताला मुलगा नाही, मुली परक्या घरी जातील आणि वाडवडिलांची जमीन त्यांच्यामागे बाहेर जाईल, तसेच प्रत्यक्ष वहिवाट आपलीच आहे, असे दिराने हरकतीत लिहिले होते. सोबत 100 रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेले हक्कसोडपत्र जोडलेले होते. त्यावर मयताच्या आईचा अंगठा उमटवून घेतलेला होता आणि पत्नीच्या व मुलींच्या सहीच्या जागा कोऱ्या होत्या.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मयताची पत्नी, मुली आणि आई या पहिल्या वर्गातील वारस आहेत. त्या हयात असताना भावाला वारसा मिळत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल तर त्यावरून कुणाचेही नाव कमी करता येत नाही. म्हणजे निकाल कागद वाचताच दिसत होता. तरीही दोन्ही बाजूंचे म्हणणे नोंदवणे आवश्यक असल्यामुळे मी दिराला वहिवाटीविषयी विचारले. मागच्या खरिपात शेतात काय होते, यावर ते "पऱ्हाटी होती", म्हणजे कपाशी, एवढेच बोलले आणि मग म्हणाले, "वहिनीले वावरातलं काय समजते?"

बाईंनी त्यांना उत्तर दिले नाही. त्यांनी पिशवीतून लाल बांधणीची एक लांबट वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, हे पाहून घ्या. धनी बाजारपेठेचं पाहत, वावर मीच करतो," असे त्या म्हणाल्या. मागच्या खरिपाच्या पानावर वर तारीख, खाली निंदणाला आलेल्या बायांची नावे, प्रत्येकीचे दिवस आणि दिलेली मजुरी असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. पुढच्या पानावर पेरणीचा तपशील होता: कपाशीची आठ तासे (ओळी), मग तुरीची दोन, नाल्याकडच्या पाणी धरून ठेवणाऱ्या पट्टीत मात्र ज्वारी. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल कापून बिलाशेजारी चिकटवलेले होते. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातील कपाशी गेली, तेव्हा नुकसानीच्या तक्रारीसोबत बियाण्याचे बिल आणि लेबल मागितले गेले आणि अनेकांकडे ते नव्हते. तेव्हापासून त्या प्रत्येक हंगामाचे लेबल जपून ठेवत होत्या. त्या वर्षाच्या पानावर शेवटची ओळ अशी होती: "तिसऱ्या वेच्यानंतर पऱ्हाटी उपटली."

वही चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वारस नोंदीसाठी या वहीची काहीही गरज नव्हती. कायद्याला त्या मयताची पत्नी आहेत एवढेच पुरे होते. त्यांनी आयुष्यात एकदाही विळा हाती धरला नसता तरी त्यांचे नाव लागलेच असते. त्यांची अपेक्षा मात्र निराळी होती. आपण कास्तकार आहोत की नाही, हे सरकार आज विचारणार, अशा समजुतीने त्या तयारी करून आल्या होत्या आणि तो प्रश्न त्यांना विचारला जावा अशी त्यांची इच्छाही होती. इतक्या वर्षांत तो त्यांना कुणी विचारलेला नव्हता. सातबाऱ्यातील गाव नमुना 7 मध्ये जमीन कुणाची ते लिहिलेले असते आणि गाव नमुना 12 मध्ये तिच्यात काय पिकले ते. बाराच्या रकान्यातील प्रत्येक पीक या बाईंच्या कष्टाचे होते आणि सातमध्ये त्यांचा उल्लेखही नव्हता. मी त्यांच्या जबाबात वहीचा तपशील लिहून घेतला आणि निवडक पानांच्या प्रती प्रकरणात जोडल्या. निकालाला त्याची आवश्यकता नव्हती, पण ते कागद शासकीय दप्तरात असावेत असे मला मनापासून वाटले.

त्यानंतर सासूबाईंचा जबाब झाला. सत्तरीच्या पुढच्या त्या आजी दिराबरोबर आल्या होत्या आणि त्यांच्याच शेजारी बसल्या होत्या. मी हक्कसोडपत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यातील "माझा हक्क" हे शब्द ऐकताच त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "म्हणजे माह्यं बी नाव लागते का?" मृत मुलाच्या जमिनीत आईही वारस असते, हे त्यांना अंगठा घेताना कुणी सांगितले नव्हते. वयाच्या त्या टप्प्यावर कुठल्याही सातबाऱ्यावर आपले नाव येऊ शकते, ही गोष्टच त्यांना नवी होती. त्यांनी सुनेकडे पाहिले, तेव्हा सून एवढेच म्हणाली, "आई, तुमचं बी लागते. मी अर्जातच लिहिलं आहे." ते खरे होते. तलाठ्याकडे दिलेल्या अर्जात चौघींची नावे होती आणि सासूबाईंचे नाव सर्वांत वर होते. आजींनी ते हक्कसोडपत्र आपल्याला मान्य नसल्याचे जबाबात सांगितले. त्यांचा मुलगा उठून बाहेर गेला.

त्याच महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले होते. आमच्या कार्यालयातही त्याची चर्चा होती. तो ठराव मला मोलाचा वाटतो. परंतु पतीच्या निधनानंतर महसूल कार्यालयात येणाऱ्या स्त्रीला विचारावे, तर तिची पहिली चिंता पेरणीची असते. मे महिना सरत आलेला असतो, जुने पीककर्ज मयताच्या नावावर थकलेले असते, आणि नव्या कर्जासाठी बँक तिच्या नावाचा सातबारा आणि 8-अ (खात्यावरील एकूण जमिनीचा उतारा) मागते. "आता मुलीकडे जाऊन राहा, शेताचे आम्ही पाहू," असा सल्ला देणारे नातेवाईक याच काळात वाढतात. नोंद दोन महिने लांबली की हंगाम जातो आणि हंगाम गेला की शेत दुसऱ्याच्या ताब्यात जायला वेळ लागत नाही. म्हणून अशा स्त्रीच्या नव्या आयुष्याचा बराचसा भाग आमच्या टेबलावरील फायलीच्या गतीवर ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

सर्वच प्रकरणांत आम्हाला हे साधता येत नाही. आमच्या जिल्ह्यात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींना मी पाहिले आहे. प्रकरण पात्र ठरले तर 1 लाख रुपयांची मदत मिळते, त्यातील 30,000 रुपये हातात आणि 70,000 रुपये ठेवीत. पण जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर तो हयात असेपर्यंत त्या सुनेचे नाव लावण्यास महसूल खात्याला आधार नसतो. "हक्क सोडला तर माहेर टिकते, सासर टिकते," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा मनापासून राग येतो.

त्या प्रकरणात हरकत फेटाळून मी चौघींच्या नावाची नोंद प्रमाणित केली. दिराने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केले नाही. बाईंनी जूनमध्ये 8-अ घेऊन कर्जाचा अर्ज केला आणि मृगाचा पाऊस लांबल्यामुळे पेरणीला थोडा उशीर झाला. पावसाळ्यात त्या धाकट्या मुलीसह तलाठी कार्यालयात आल्या, कारण ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये मिश्र पीक कसे भरायचे ते त्यांना शिकायचे होते. 2021 पासून खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून पिकाची नोंद करायची पद्धत सुरू झाली आहे. कपाशी किती क्षेत्रात आणि तूर किती, याचा हिशेब त्यांनी वहीत आधीच मांडून आणला होता. तलाठ्याला फक्त रकाने दाखवावे लागले.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा माझ्याकडे आल्या, त्या स्वतःच्या कामासाठी नव्हे. त्यांच्या बचत गटातील काही बायांना नवरे हयात असतानाच सातबाऱ्यावर नाव हवे होते. चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली लक्ष्मी मुक्तीची, म्हणजे पत्नीच्या नावे जमीन करण्याची, मोहीम चालवली आणि 1992 मध्ये शासनाने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. ती सोय आजही आहे, पण वापरली फार कमी जाते. मी अर्जाचा नमुना दिला आणि यात पतीची स्वतःची संमती लागते हे सांगितले. काही अर्ज आले, नोंदी झाल्या. एका घरचा नवरा अजून तयार नाही. त्याच्याशी बोलण्याचे काम बाईंनी स्वतःकडे घेतले आहे आणि दर आठवडी बाजाराच्या दिवशी त्या त्याला त्याविषयी विचारतात.