चार बिंदू, एक रेषा

त्या दुपारी पडद्यावर चार बिंदू उमटले आणि चारही तुटक रेषेवर नेमके बसले. त्याला सहा महिने झाले, तरी तो आलेख डोळ्यांसमोरून हलत नाही.

ती रेषा खगोलभौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्राय यांच्या १९९६ च्या सूत्राची होती. दीर्घिका द्रव्याच्या सर्वांत दाट जागी आधी जन्मतात, म्हणून सुरुवातीला त्यांची गर्दी द्रव्याच्या गर्दीपेक्षा बरीच ठळक असते. पुढे गुरुत्वाकर्षणाने द्रव्यही तिकडेच ओढले जाते आणि तफावत ओसरते. या तफावतीला आम्ही ‘बायस’ म्हणतो. माझे चार बिंदू म्हणजे अंतरानुसार पाडलेल्या चार कप्प्यांतल्या दीर्घिकांचा बायस; कप्पा जितका दूरचा, तितका काळ जुना. आज तो २ असेल, तर ताम्रसृती १ च्या काळी, म्हणजे सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी, तो २.६ च्या आसपास असावा. अट एवढीच की दीर्घिका त्याच असाव्यात. नव्या घडू नयेत, जुन्या एकमेकींत विलीन होऊ नयेत.

आम्ही दुर्बिणीला डोळा लावून बसतो, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात वेळ जातो तो रँडम कॅटलॉगमध्ये: सर्वेक्षणाने पाहिलेल्या आकाशातच, तेजस्वी ताऱ्यांमुळे पडलेली भोके वगळून, खऱ्या दीर्घिकांच्या पन्नासपट खोटे बिंदू पेरायचे आणि मग खऱ्या-खऱ्या, खऱ्या-खोट्या, खोट्या-खोट्या जोड्या मोजून गर्दी किती ते ठरवायचे. एक भोक निसटले, की विश्वात नसलेली पोकळी दिसू लागते. या भोकांच्या नकाशावर, म्हणजे मास्कवर, मी तीन आठवडे घालवले होते, आणि तो आजही निर्दोष आहे.

चूक नमुन्यात होती. दूरच्या कप्प्यात मंद दीर्घिका दिसतच नाहीत. उरतात त्या सर्वांत तेजस्वी, आणि त्यांचा बायस कोणत्याही काळी अधिकच असतो. माझ्या आलेखातला बराचसा चढ काळाचा नव्हता, निवडीचा होता. गटबैठकीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, चारही कप्प्यांत दीर्घिकांची घनता वेगवेगळी का आहे?” घनतेचा तक्ता माझ्याच स्लाइडवर, आलेखाखाली होता. ज्येष्ठांनी तोवर माना डोलावल्या होत्या. आलेख जुळला नसता, तर त्यांनीच मला तासभर सोलून काढले असते.

घनता समान राहील असा नमुना मी पुन्हा कापला. चढ निम्म्यावर आला, दीर्घिकाही कमी उरल्या, आणि आता एरर बार, म्हणजे अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा, इतके लांब आहेत की त्यांतून फ्राय यांची रेषाही जाते आणि सपाट रेषाही.